एक्का-राणी टाकली आणि झोप उडाली

प्रश्न : गेली दोन वर्षं मी ऑनलाइन पोकर टुर्नामेंट खेळते. परवाच्या स्पर्धेत ९०० जणांतून आम्ही १२१ उरलो होतो, बक्षिसं ११७ जणांना होती. ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी भरायची सक्तीची रक्कम, छोटी ती स्मॉल, मोठी ती बिग) १,०००–२,०००, शिवाय बिग ब्लाइंडवाल्याने भरायची २,००० अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची भर. माझ्याकडे ४४,००० चिप्स. मी कटऑफला (डीलरच्या लगेच आधीची जागा), हातात बदाम एक्का आणि बदाम राणी. माझ्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकले, मी ४,५०० ला रेज केलं (बोली वाढवली), फक्त बिग ब्लाइंडने कॉल केला (तेवढेच भरले). त्याच्याकडे ९५,००० होते आणि बबल (बक्षिसांच्या रेषेच्या अगदी अलीकडचा टप्पा) जवळ आल्यापासून तो सगळ्यांना रेटत होता. फ्लॉप (टेबलावर उघडलेले पहिले तीन सामाईक पत्ते) आला इस्पिक राणी, इस्पिक अठ्ठी, चौकट पंजी. त्याने चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), मी ४,००० लावले, आणि तो थेट ऑल-इन, सगळ्या चिप्स आत! टाइम बँक (विचारासाठीचा राखीव वेळ) संपत येईपर्यंत नुसती बघत बसले आणि शेवटी फोल्ड केलं, पत्ते टाकले. त्याने मुद्दाम पत्ते दाखवले : इस्पिक सत्ती आणि इस्पिक छक्की. साधी जोडीसुद्धा नव्हती! धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "ताई, वरची जोडी, त्यावर एक्क्याचा किकर (जोडीसोबतचा पत्ता), आणि टाकलीस? जिंकायला खेळतेस की तग धरायला?" पाच डावांनंतर सगळ्यांत आधी बोलायची पाळी असताना राजा-नश्शीवर ऑल-इन गेले आणि ११९वी आले. पण डोक्यातून तो एक्का-राणीचा डाव जात नाही. मी भित्री आहे का? कॉल करायला हवा होता का? आणि भावाला काय उत्तर देऊ?
— रात्रभर जागी

उत्तर : आधी त्या सत्ती-छक्कीचं बघू, कारण तुमची झोप त्या दोन पत्त्यांनी उडवलीय. भावाचा सूर असा की समोरच्याकडे काहीच नव्हतं. मोजून बघू या.

तुमचे दोन पत्ते, त्याचे दोन आणि फ्लॉपचे तीन, असे सात पत्ते दिसतात. गड्डीत उरले ४५. त्यातलं कुठलंही इस्पिक आलं की त्याचा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते). इस्पिकं एकूण १३, त्यातली दोन फ्लॉपवर, दोन त्याच्या हातात, म्हणजे गड्डीत नऊ. आता पंजी-छक्की-सत्ती-अठ्ठी ही सलग चौकडी पाहा. खालून चव्वी आली तरी स्ट्रेट (सलग पाच पत्ते), वरून नश्शी आली तरी स्ट्रेट. चार चव्व्या आणि चार नश्श्या मिळून आठ, त्यातली इस्पिक चव्वी आणि इस्पिक नश्शी आपण आधीच मोजली, उरल्या सहा. नऊ आणि सहा पंधरा. टर्न आणि रिव्हर असे आणखी दोन सामाईक पत्ते यायचेत. या पंधरांपैकी एकही न येण्याची शक्यता आहे ३० भागिले ४५ गुणिले २९ भागिले ४४, म्हणजे साधारण ४४ टक्के. उरलेल्या ५६ टक्के वेळा तुमची राणी हरते. (दोन पत्ते यायचे असताना आउट्सची (आपल्या कामाच्या पत्त्यांची) चौपट करायची हा झटपट हिशेब तुम्हाला ठाऊक असेलच. तो इथे ६० दाखवतो. आउट्स वाढले की हा हिशेब असाच फुगतो, नऊच्या पुढे त्यावर फार विसंबू नये.)

म्हणजे 'पुढे असून टाकले' म्हणून ज्या डावासाठी तुम्ही रात्री काढताय, त्या डावात तुम्ही पुढे नव्हताच. जोडी तुमच्याकडे होती, डाव मात्र त्याच्याकडे झुकलेला होता.

पण एवढं वाचून हायसं वाटलं असेल, तर तेही माझ्या मते बरोबर नाही. त्याने इस्पिक एक्का-चव्वी दाखवली असती तर? तिथे फक्त नऊ इस्पिकं त्याच्या कामाची. तुम्ही साधारण ६२ टक्के पुढे असता आणि मग या पत्राला मी काय लिहिलं असतं? तुमचा फोल्ड तोच, माहिती तीच, वेळ तीच. नंतर उघडलेल्या पत्त्यांवरून आधी घेतलेला निर्णय शहाणा किंवा वेडा ठरत नाही. पत्ते दाखवणाऱ्याला हे चांगलं कळतं. तो दाखवतो ते तुम्हाला शिकवण्यासाठी नव्हे, पुढचे दहा डाव तुम्ही चिडून खेळावेत म्हणून. आणि तुम्ही तसेच खेळलात, त्याच्याकडे शेवटी येते.

२००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये शेवटचे दोघे उरले असताना सॅमी फारहाने नश्श्यांची जोडी टाकली होती. समोर ऑल-इन गेलेल्या क्रिस मनीमेकरकडे राजाहून मोठं काही नव्हतं. तो डाव लोक आजही चघळतात. पण तिथे रिव्हर येऊन गेला होता, एकही पत्ता यायचा बाकी नव्हता. त्यामुळे मनीमेकरचं 'काहीच नाही' हे शंभर टक्के काहीच नव्हतं. फ्लॉपवरचं 'काहीच नाही' वेगळं असतं, त्याच्या पोटात पंधरा पत्ते असू शकतात. भावाची गफलत इथे झाली.

आता तुमचा खरा प्रश्न. त्याचे पत्ते झाकलेले आहेत, टाइम बँक टिकटिकतेय, कॉल करायचा का?

पहिला हिशेब भावाचा असता तसा, निव्वळ चिप्सचा. फ्लॉपच्या आधी पॉटमध्ये (मधल्या ढिगात) तुमचे ४,५००, त्याचे ४,५००, स्मॉल ब्लाइंडचे १,००० आणि अँटीचे २,००० मिळून १२,०००. तुम्ही ४,००० लावले, झाले १६,०००. तुमच्याकडे उरले ३५,५००. त्याच्याकडे कितीही असले तरी तुमच्याशी लढणारे ३९,५००च. म्हणजे समोर ५५,५०० चा पॉट आणि कॉलची किंमत ३५,५००. जिंकलात तर ९१,०००. पस्तीस-साडेपस्तीसला एक्क्याण्णवने भागा, ३९ टक्के येतात. त्याच्या सगळ्या संभाव्य पत्त्यांसमोर तुम्ही शंभरात ३९ पेक्षा जास्त वेळा जिंकत असाल, तर चिप्सच्या भाषेत कॉल फायद्याचा.

मग ते संभाव्य पत्ते कोणते? इथे प्रत्येकाची यादी थोडी वेगळी निघेल, मी माझी देतो. अठ्ठ्यांचा सेट (हातात जोडी आणि तिसरा पत्ता फ्लॉपवर) तीन प्रकारे जमतो, पंज्यांचा तीन प्रकारे. दोन जोड्या, म्हणजे एकाच रंगाची अठ्ठी-पंजी, राणी-अठ्ठी किंवा राणी-पंजी, सगळ्या मिळून पाच. हे ११ कॉम्बो (हातातल्या दोन पत्त्यांच्या जुळण्या) तुम्हाला हरवतात. सेटसमोर तुमची शक्यता जेमतेम एक टक्का, दोन जोड्यांसमोर पंधरा ते पंचवीस, सरासरी दहाच्या आसपास. मग इस्पिकाचे ड्रॉ, म्हणजे फ्लशला एक पत्ता कमी असलेले हात. इस्पिक एक्का आणि सोबत दुसरं इस्पिक असे आठ घेऊ, त्यांच्यासमोर तुम्ही ६२ टक्के. ज्यांना फ्लशबरोबर आणखी काही मिळू शकतं असे सहा : आपली सत्ती-छक्की, गुलाम-दश्शी, दश्शी-नश्शी, राजा आणि एखादं इस्पिक, असे. त्यांच्यासमोर नाणेफेकच, सरासरी पन्नास-एक्कावन्न. शेवटी तुमच्याहून कच्च्या राण्या : एकाच रंगाचे राजा-राणी दोन, राणी-गुलाम दोन. त्या चारांसमोर तुम्ही ८६ टक्के पुढे.

एकूण कॉम्बो २९. सगळ्यांची सरासरी काढली की आकडा येतो ४३ च्या थोडा वर. लागत होते ३९. कॉल केला असता तर सरासरी चार हजार चिप्स, म्हणजे दोन बिग ब्लाइंड, हाती लागले असते. हीच स्पर्धा तासभर आधीची असती, बक्षिसाची रेषा लांब असती, तर मी भावाच्या बाजूने उभा राहिलो असतो. "कॉल करा आणि काय व्हायचं ते होऊ दे" असंच लिहिलं असतं.

पण १२१ उरले होते. आणि चिप्स म्हणजे पैसे नव्हेत.

हे लहान उदाहरणावर फार स्वच्छ दिसतं. समजा चौघे उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स. बक्षीस पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, चौथा रिकाम्या हाताने घरी. सगळे सारखे, म्हणून प्रत्येकाच्या स्टॅकची (चिप्सच्या साठ्याची) आजची किंमत २५. आता तुम्ही एकाला ऑल-इनमध्ये हरवून चिप्स दुप्पट केल्यात. तिघे उरले, निम्म्या चिप्स तुमच्या. पहिलं येण्याची शक्यता एक द्वितीयांश, दुसरं येण्याची एक तृतीयांश, तिसरं येण्याची एक षष्ठांश. गुणून बेरीज करा : २५ अधिक १० अधिक ३.३३. झाले ३८.३३. चिप्स दुप्पट झाल्या, किंमत मात्र दीडपटीच्या जरा वर गेली. मिळवलेत १३.३३ आणि पणाला लावले होते २५. पॉटमध्ये आधीचं काही पडलेलं नसेल, तर अशा ऑल-इनसाठी तुम्हाला ५० टक्के पुरत नाहीत, ६५ लागतात. पत्ते तेच, गणित तेच, फक्त बक्षिसांची पायरी मध्ये आली.

या पद्धतीला खेळाडू आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. तिच्या मुळाशी असलेलं सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलं होतं, पोकरच्या टेबलावर ते मेसन माल्मथ यांनी १९८७ मध्ये आणलं. पोकरवाल्यांच्या दीड-दोन पिढ्या घोड्यांचं गणित वापरून पत्ते टाकताहेत, मला त्याची नेहमी गंमत वाटते.

१२१ जणांत आकडे चौघांइतके टोकाचे नसतात. तरी चारच जण बाहेर जायचे बाकी असताना आणि समोरचा तुमचा अख्खा स्टॅक गिळू शकत असताना, हरलेली चिप जिंकलेल्या चिपच्या साधारण दीडपट महाग धरावी. आता तुमच्या ३५,५०० ची दीडपट करून पुन्हा तोच भागाकार करा. ३९ चे होतात ४९. तुमच्याकडे होते ४३. तुमचा डाव अवघड होता तो यामुळेच. चिप्सच्या हिशेबाने कॉल, पैशांच्या हिशेबाने फोल्ड.

तुम्ही म्हणाल, तो तर सगळ्यांना रेटत होता, त्याची रेंज (संभाव्य पत्त्यांची यादी) इतकी घट्ट कशी? रास्त शंका आहे. मी त्याला आणखी सहा ड्रॉ बहाल करून पाहिले. तुमचे ४३ चे झाले ४५. एवढंच. ड्रॉ मुळातच नाणेफेकीच्या जवळ असतात, ते वाढवून सरासरी फार हलत नाही. उलट त्याच्या रेंजमधले निम्मे सेट काढले तर आकडा एकदम ४८ वर जातो. आणि ते काढायला कारणही आहे : पॉट १६,००० चा असताना सेटवाला माणूस ३९,५०० एकदम कशाला ढकलेल? तो छोटा रेज करून तुम्हाला आत ओढेल. अवाढव्य ऑल-इन बहुतेकदा त्याचा असतो, ज्याला तुम्ही पत्ते टाकलेले आवडतील. म्हणून अशा वेळी 'हा किती बिनधास्त आहे' यापेक्षा 'सेट लागल्यावर हा कसा खेळतो' हे ठाऊक असणं जास्त मोलाचं. आधी त्याचे कुठले मोठे पत्ते शोडाउनला (शेवटी पत्ते उघडताना) दिसले होते का? तेव्हा त्याने सावकाश ओढलं होतं की धाडकन ढकललं होतं? तेवढी एक नोंद तुमच्याकडे असती तर हा प्रश्न निम्मा सुटला असता.

दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, निम्मे सेट काढले आणि सहा ड्रॉही वाढवले, तर तुम्ही पोचता ४९ च्या उंबरठ्यावर. म्हणजे तुमच्या बाजूने सगळं ओढूनताणून धरलं तेव्हा कुठे कॉल आणि फोल्ड बरोबरीला येतात. माझा निकाल फोल्ड. मी तिथे असतो तर टाकले असते, कुरकुरत टाकले असते, पण टाकले असते.

तुमच्या पत्रात एक महत्त्वाची गोष्ट नाही : बाकीच्यांचे स्टॅक. लॉबीत (सगळ्यांच्या चिप्स दिसतात त्या खिडकीत) पाहिलं होतंत का? पाच-सात जण चार-पाच बिग ब्लाइंडवर लटकत असतील, तर हा फोल्ड सोपा होतो. ब्लाइंड त्यांच्यापर्यंत पोचले की ते आपोआप गळणार. सगळेच वीस-पंचवीसवर आरामात असतील तर बबल लांबतो, हरलेल्या चिपचा भाव उतरतो. माझ्या यादीच्या हिशेबाने हा भाव १.२ पटीच्या खाली आला की कॉल खरा. लॉबीची खिडकी उघडायला पाच सेकंद लागतात आणि निर्णय तिथे फिरू शकतो. हे पाच सेकंद मात्र डाव सुरू होण्याआधीचे हवेत, ऑल-इन आल्यानंतरचे नव्हेत.

ओघाने टाइम बँक आलीच. तुम्ही लिहिलंय 'नुसती बघत बसले'. ते मी समजू शकतो, मीही पुष्कळ वेळा बसलोय. पण तुम्ही अडकलात ते त्याच्या ऑल-इनवर नाही, त्याआधीच्या ४,००० वर. ते लावताना 'हा ऑल-इन आला तर मी काय करणार' याचं उत्तर तयार नव्हतं. बेट चूक नव्हती. दोन इस्पिकांच्या फ्लॉपवर वरची जोडी घेऊन थोडे लावणं अगदी सरळ खेळ आहे. मोठ्या स्टॅकला घाबरून मागून चेक केलं असतं तरी मी नाक मुरडलं नसतं, फक्त ड्रॉवाल्याला फुकट पत्ता मिळाला असता. यातलं काहीही चालेल, उत्तर आधी ठरलेलं हवं. 'लावते, रेज आला तर टाकते' असं स्वतःशी म्हणून लावलेले ४,००० आणि 'बघू काय होतं ते' म्हणून लावलेले ४,००० पडद्यावर सारखेच दिसतात. झोपेच्या हिशेबात त्यांच्यात बराच फरक पडतो.

फोल्ड केल्यावर तुमच्याकडे ३५,५०० होते, जवळपास १८ बिग ब्लाइंड. एका फेरीचा खर्च : स्मॉल ब्लाइंड १,०००, बिग ब्लाइंड २,०००, अँटी २,०००. पाच हजार. काहीही न खेळता सात फेऱ्या बसता आलं असतं आणि जायचे होते फक्त चौघे. तुम्ही कोपऱ्यात सापडलेल्या नव्हतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे केलंत ते कोपऱ्यात सापडलेला माणूस करतो.

एक्का-राणीचा डाव तुम्ही ब्लाइंडपासून शेवटच्या पत्त्यापर्यंत लिहिलात. राजा-नश्शी एका ओळीत उरकलीत. मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

कटऑफनंतर पाच डाव म्हणजे मधे एकही ब्लाइंड भरावा लागला नव्हता. ३५,५०० जसेच्या तसे होते. सगळ्यांत आधी बोलायची पाळी, मागे आठ जण, प्रत्येकाला पत्ते बघायची संधी. समोर पडलेले एकूण ५,०००. म्हणजे पाच हजार उचलायला साडेपस्तीस हजार टाकले, तेही राजा-नश्शीवर, तेही चिप सगळ्यांत महाग असण्याच्या घटकेला. एक्का-राणीला निदान ५५,५०० चा पॉट समोर होता, तरी तुम्ही दोन मिनिटं विचार केलात. इथे किती सेकंद लागले? माझा अंदाज आहे, टाइम बँकला हातही लागला नसेल.

तुम्ही विचारलंत भित्री आहे का. पहिल्या डावात अजिबात नाही. मोठी राणी हातात असताना, भाऊ शेजारी बसलेला असताना पत्ते टाकायला जिगर लागते. दुसऱ्या डावात मात्र भीती होती, 'भित्री' म्हणवून घेण्याची. भावाच्या वाक्याला तुम्ही राजा-नश्शीने उत्तर दिलंत. पोकरमध्ये याला टिल्ट म्हणतात. लोकांना वाटतं टिल्ट म्हणजे माऊस आपटणं, शिव्या देणं. बहुतेक वेळा तो असाच गुपचूप येतो, एका ओळीत मावेल इतका.

यावर माझ्याकडे जालीम औषध नाही. मी स्वतः दोन गोष्टी करतो. टाकलेला मोठा डाव खुपत असेल तर तो लगेच हँड हिस्टरीत (खेळलेल्या डावांच्या नोंदीत) खूण करून ठेवतो, 'उद्या बघू' म्हणून. खूण केली की डोकं त्याला थोडं सोडतं. आणि पुढची एक फेरी फक्त ते पत्ते खेळतो जे डोळे मिटूनही खेळले असते. बाकी सगळं टाकायचं, मग ते कितीही गोजिरवाणं दिसो. एका फेरीचे अडीच बिग ब्लाइंड जातात. तुम्ही घालवलेत पावणेअठरा. आणि समोरचे पत्ते दाखवतात तेव्हा मी चक्क दुसरीकडे बघतो. हँड हिस्टरीत ते दुसऱ्या दिवशीही असतात, पळून जात नाहीत.

'जिंकायला खेळतेस की तग धरायला' हा भावाचा टोमणा अगदीच टाकाऊ नाही, हेही सांगतो. बबलवर हातपाय पोटाशी धरून बसणारे पुष्कळ असतात. किमान बक्षीस पदरात पडलं की त्यांच्याकडे सहा-सात बिग ब्लाइंड उरतात आणि मोठं बक्षीस तर वरच्या मूठभर जागांना असतं. पण बबलवरचं धाडस कुठून करायचं याला नियम आहे. आपल्याला बाहेर घालवू शकणार नाही अशा लहान स्टॅकवर चढाई करायची, आपणच आधी ढकलायचं, म्हणजे टाकायचा पेच समोरच्याला. समोरच्या ९५,००० वाल्याने नेमकं हेच केलं. तो हरला असता तरी त्याच्याकडे पन्नास हजारांच्या आसपास उरले असते, तुमच्याकडे शून्य. त्याची सत्ती-छक्की त्या जागी सुरेख खेळली गेली, हे मान्य करायला हवं. तुम्ही टाकलंत तर उत्तम, कॉल केलात तरी ५६ टक्के. कॉल करणाऱ्याला ही दोन दारं नसतात, त्याला फक्त पत्त्यांवर जिंकावं लागतं.

राहिलं भावाचं उत्तर. त्याच्याशी वाद घालू नका, गणितही सांगू नका. एक गड्डी घ्या, त्यातून बदाम एक्का-राणी तुमच्यासमोर आणि इस्पिक सत्ती-छक्की त्याच्यासमोर ठेवा, मध्ये तो फ्लॉप मांडा. उरलेले ४५ पिसायला त्याच्याकडेच द्या. दोन पत्ते उघडायचे, कोण जिंकलं ते कागदावर लिहायचं, पुन्हा पिसायचं. असं वीसदा. अकराच्या आसपास डाव सत्ती-छक्कीकडे जायला हवेत. वीस ही संख्या फार लहान आहे, त्यामुळे आठही येतील, चौदाही येतील. आठ आले आणि तो फुशारकी मारायला लागला, तर आणखी वीस वाटायला लावा.